राहत्या घरात थिनर नको

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घोडेगावात पलंग, कपाटं, देव्हारे रंगवायची कामं निघतात. मी तेच काम करतो, पॉलिश हा माझा धंदा. या धंद्यातला माणूस म्हणूनच सांगतो, की ज्या घरात माणसं झोपतात, लेकरं रांगतात, तिथे थिनरवरचं पॉलिश आणि ऑइलपेंट मारणं आता बंद व्हायला हवं. घरातल्या फर्निचरला पाण्यातलं स्टेन, पाण्यातला रंग आणि वरून पाण्यातलं पीयू (पॉलियुरेथेन) पुरतं.

थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन अशी द्रावकं असतात. थिनरवरचं मेलामाइन पॉलिश मारलं की ती उडतात आणि आधी कारागिराच्या, मग घरच्यांच्या छातीत जातात. संध्याकाळी डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात, जेवणावर वासना राहत नाही. वास चढला म्हणायचं आणि सकाळी पुन्हा ब्रश हातात घ्यायचा, असंच चालत आलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्येच रंगाऱ्याच्या कामाला कर्करोगाचं कारण ठरवलंय. त्यात थिनर पेट घेणारं. एकाच खोलीत गॅसची शेगडी आणि थिनरचा उघडा डबा मी कित्येक घरांत पाहिलाय.

जुन्या ऑइलपेंटचा धोका वेगळा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या पाळण्यात, पाटात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. पाणी पेपर ओला करून घासा, निघालेला लगदा फडक्याने टिपून टाका आणि तेवढा वेळ लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नका.

पाण्यातला रंग टिकत नाही, अशी तक्रार मी रोज ऐकतो. बहुतेक वेळा रंगाआधीची तयारीच झालेली नसते. पाणी लागलं की लाकडाचे तंतू उभे राहतात आणि हात फिरवला की खरखर लागते. म्हणून रंगाआधीच ओल्या फडक्याने लाकूड पुसून घ्यायचं, वाळू द्यायचं आणि २२० नंबरच्या पेपरने हलका हात मारायचा. मग सुती कापडाने रेषेच्या दिशेने स्टेन लावायचं, जास्तीचं लगेच पुसायचं. ते पूर्ण वाळलं की पीयूचे तीन पातळ हात द्यायचे, दोन हातांच्या मध्ये ३२० चा पेपर. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. जुनं मेण किंवा तेलकट पॉलिश तसंच ठेवून वर मारलं तर पापुद्रे सुटणारच.

आमच्या भागात बाभळीचं लाकूड फार, आणि तिथे जास्त जपावं लागतं. बाभळीत टॅनिन असतं, म्हणून तर तिच्या सालीने कातडी कमावतात. त्यावर पाण्यातला पांढरा रंग मारला की तपकिरी डाग वर येतात. रंगाआधी मेण काढलेल्या चपड्याचा स्पिरिटमधला एक पातळ हात दिला की ते दबतात. आणि अशा लाकडावर लोखंडी काथ्या अजिबात वापरू नका. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, तसंच इथे होतं. काथ्याची बारीक तार लाकडात अडकते, वर पाणी लागतं आणि दुसऱ्या दिवशी काळे ठिपके उमटतात. ते घासून सहजी निघत नाहीत.

नगर-संभाजीनगर रस्ता गावातून जातो. शुक्रवारी जनावरांचा बाजार, हंगामात कांद्याच्या गाड्या, धूळ कायमचीच. ऑइलपेंट रात्रभर चिकट राहतो आणि सकाळी त्यावर रस्त्याची माती बसलेली असते. पाण्यातलं पीयू एरवी तासाभरात हाताला सुकतं. मात्र एप्रिल-मेच्या दुपारी ते ब्रशखालीच वाळतं आणि पट्टे उमटतात. काम सकाळी उरका. पातळ करायला बोअरचं क्षारयुक्त पाणी नको, पिण्याचं गाळलेलं घ्या.

सागाची ती लालसर झाक नुसत्या पाण्यातल्या पीयूने येत नाही, हे खरं. ती हवी तर आधी स्टेन लावावं लागतं. डबा महाग पडतो, हेही खरं. शिवाय हे रंग म्हणजे अमृत नाही, त्यांतही रसायनं असतात, खिडक्या उघड्याच ठेवाव्या लागतात. इथून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापुरात बऱ्याच जुन्या घरांना नुसत्या चौकटी आहेत, दारं नाहीत. तसल्या ऊन-पाऊस झेलणाऱ्या लाकडाला घरातल्या वापराचं पीयू चालणार नाही, बाहेरच्या वापराचंच घ्यावं लागेल.

तरी माझा कौल पाण्यातल्या रंगालाच. नेवासा, सोनई, नगरच्या दुकानदारांना विनंती आहे, की पाण्यातल्या स्टेन-पीयूचे लहान डबे ठेवा. एका पाटासाठी चार लिटरचा डबा कोण घेईल? आणि घरमालकांनो, काम ठरवताना भावाआधी कोणता माल वापरणार ते विचारा. तुम्ही मागितल्याशिवाय आमच्यातला कुणी थिनर सोडणार नाही.