नाडीचा काच

परकराच्या नाडीने कमरेवर काळा वळ पडतो. बहुधा तो निरुपद्रवी असतो. परंतु धोतराच्या काचाने त्याच जागी होणारा कर्करोग मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच नोंदवला होता. २०२४ साली वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीचा व्रण दीड वर्ष, दुसरीचा दोन वर्षे भरला नव्हता! म्हणून यंदा अभ्यंगस्नानाला सासूबाईंच्या अंगाला तेल लावताना कमर नीट पाहा. नुसता वळ असेल, तर नाडी सैल व रुंद करावी. पण तीन-चार आठवडे न भरणारी जखम, उंचावलेली कड, रक्त वा गाठ दिसल्यास हळदीवर न भागवता डॉक्टरांना दाखवावे. वेळीच ओळखला, तर हा रोग बहुधा लहानशा शस्त्रक्रियेने बरा होतो.