खिशातला चाकू भंगारात घालू नका

मळवली स्थानकावर उतरून भाजे गावाच्या दिशेने चालू लागलेल्या माणसाची नजर वरच खिळलेली असते. एकीकडे लोहगड, दुसरीकडे विसापूर आणि विसापूरच्या पायथ्याच्या उतारावर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात कोरायला घेतलेली लेणी. चैत्यगृहाच्या छताला त्या काळच्या लाकडी फासळ्या अजून आहेत. २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा सगळ्या मावळाला आनंद झाला. व्हायलाच हवा होता. पण या डोंगरांखालच्या जुन्या घरांमध्ये, माळ्यावर, फडताळात आणि पत्र्याच्या ट्रंकेत जे पडून आहे, त्याची नोंद करावी असे फारसे कुणाला वाटत नाही. विळे, कोयते, अडकित्ते आणि मिटवून खिशात टाकायचे चाकू घर पाडताना किंवा आवरताना किलोच्या भावाने भंगारात जातात.

तलवारीचे नशीब वेगळे. गंजकी का होईना, ती दसऱ्याला पुजली जाते, दिवाणखान्यात भिंतीवर चढते. चाकू कुणी पूजत नाही. तरीही सामान्य माणसाचा इतिहास सांगायचा तर तलवारीपेक्षा चाकूच जास्त बोलतो. मोडी लिहिणाऱ्या कुलकर्ण्याचे आणि कारकुनाचे काम चाकूवाचून चालत नव्हते. बोरू झिजला की तासायचा, टोक तिरके छाटायचे, मग पुढची ओळ. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या लाखो कागदांमागे अशी किती पाती झिजली असतील! शेतावर दोर कापायला, आंबा चिरायला, पुढे शाळेत पेन्सिलीला टोक करायलाही चाकूच लागला.

१८६३ मध्ये रेल्वेने बोरघाट ओलांडला आणि मुंबई बंदरात उतरलेला माल सरळ घाटावर येऊ लागला. त्यात इंग्लंडमधल्या शेफील्डचे चाकू होते. तिथल्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या नामांकित कारखान्याची मुंबई आणि कलकत्त्यात कचेरी होती. म्हणून एखाद्या जुन्या पेटीत असा चाकू सापडला तर नवल वाटू नये. नवल वाटावे ते तो न वाचताच फेकून देण्याचे.

चाकू वाचता येतो. पाते उघडले की मुठीला लागून त्याचा जो बिनधारेचा चौकोनी भाग दिसतो, तिथे कारखान्याचा शिक्का असतो. रॉजर्सची खूण म्हणजे चांदणी आणि तिच्याशेजारी माल्टीज क्रूस. ती १७६४ मध्ये नोंदली गेली. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ ही अक्षरे असली तर चाकू सहसा राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणजे १९०१ पूर्वीचा. ‘ई आर’ असेल तर बहुधा १९०१ ते १९१० मधला. ‘जी आर’ दिसल्यावर मात्र घाई करू नये, कारण जॉर्ज नावाचे राजे अनेक झाले. अशा वेळी जवळच ‘इंग्लंड’ हा शब्द आहे का ते पाहावे. परदेशी मालावर मूळ देशाचे नाव हवेच, असा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये केला आणि १८९१ पासून शेफील्डच्या पात्यांवर हा शब्द सर्रास दिसू लागला. ‘वेस्ट जर्मनी’ असे कोरले असेल तर तो चाकू १९४९ ते १९९० या काळातला. मग विकणारा त्याला कितीही पुरातन म्हणो. न गंजणारे पोलाद शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये तयार केले. ‘स्टेनलेस’ लिहिलेल्या पात्याला व्हिक्टोरियाच्या काळात नेऊन बसवता येत नाही, ते त्यामुळेच.

शिक्का आहे म्हणून चाकू अस्सल, असेही नाही. रॉजर्सच्या नावाच्या नकला एकोणिसाव्या शतकातच बाजारात आल्या होत्या. नावातला ‘डी’ गाळून तसेच दिसणारे दुसरे नाव ठोकायचे, ही त्यातली एक जुनी युक्ती. म्हणून अक्षरांची खोली, पाते उघडायची नखाची खाच, पाठीवरची कमान आणि आतले पितळी पत्रे यांचा एकमेकांशी मेळ बसतो का, हे पाहावे लागते. पाते मुळाशी रुंद आणि पुढे एकदम अरुंद झाले असेल तर धारवाल्याच्या चाकाने त्याचा बराच भाग खाल्ला आहे. बाजारात त्याने किंमत उतरते. पण ज्या घरात तो चाकू पन्नास वर्षे वापरला गेला, त्या घराच्या दृष्टीने ती झीज हीच त्याची खरी नोंद आहे. संग्राहकांनी कोऱ्या चाकूंमागे धावताना असे झिजलेले चाकू कमी लेखू नयेत.

सगळ्यात मोठे नुकसान मात्र प्रेमापोटी होते. सापडलेला चाकू चिंच आणि राखेने लख्ख घासला जातो किंवा पॉलिशच्या चाकावर धरला जातो, आणि शिक्का पुसट होतो. एकदा गेलेला शिक्का परत येत नाही. कोरड्या फडक्याने पुसणे, सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडणे, पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवणे एवढे पुरते. लोणावळ्याच्या पावसात कातडी म्यानात ठेवलेला चाकू एका पावसाळ्यात गंजतो, कारण कातडे ओल धरून ठेवते. सेल्युलॉइडची मूठ असेल तर तो चाकू इतरांपासून दूर ठेवावा. सेल्युलॉइड कुजू लागले की त्याच्या वाफेने शेजारची पातीही खराब होतात.

या छंदाकडे संशयाने पाहिले जाते, हेही खरे. हिंदी सिनेमाने रामपुरी चाकू गुंडाच्या हातात दिला आणि खटक्याच्या आवाजाला भीती चिकटली. रामपूरने मात्र आपल्या कारागिरांची ओळख टाकून दिली नाही. २०२३ मध्ये तिथल्या एका चौकात सुमारे वीस फूट लांबीचा चाकू उभारला गेला. कायदा समजून घेतला तर बरीच भीती जाते. शस्त्र नियमांमध्ये मुख्यतः नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्र म्हणून मोजले आहेत, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामाची पाती त्यातून वगळली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदीचा आदेश लागू असेल, तर लहान चाकूही सोबत बाळगणे गुन्हा ठरू शकतो. संग्रह घरातच ठेवावा. सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची मूठ असेल तर खरेदी-विक्रीच्या वाटेला जाऊ नये, कारण तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. शंभर वर्षांपेक्षा जुना चाकू पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकतो. तो परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून धाडता येत नाही.

रोजच्या वापरातल्या वस्तू जपण्याचा वस्तुपाठ पुण्यातच आहे. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केली आणि पुढे आपला संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. वीस हजारांच्या घरातल्या त्या वस्तूंमध्ये दिवे आहेत, स्वयंपाकघरातली भांडी आहेत आणि पाहणाऱ्याला थक्क करणारे अडकित्ते आहेत. पान खाणाऱ्याच्या चंचीतला अडकित्ता संग्रहालयात जाऊ शकतो, तर त्याच्याच खिशातला चाकू का नाही?

मावळात अशा चाकूंची नोंद करण्याचे काम शाळांना करता येईल. लोहगड-विसापूरवर दर आठवड्याला चढणाऱ्या गिर्यारोहण संस्थांनाही. चाकू विकत घ्यायची गरज नाही. घरोघरी जाऊन शिक्क्याचा जवळून फोटो काढावा, लांबी मोजावी, मूठ कशाची ते लिहावे. तो कोणी, कुठून आणला आणि कशासाठी वापरला, हे घरातल्या आजोबा-आजींना विचारून त्यांच्याच शब्दांत टिपावे, आणि चाकू त्यांच्याच हाती परत द्यावा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पोचलेल्या चाकूवर शिक्का शिल्लक असतो, पण त्याच्या मालकाचे गाव, घर आणि कामधंदा पुसला गेलेला असतो. शाळांनी हे काम येत्या पावसाळ्याआधी हाती घ्यावे.