परगावचा सोबती



अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या या वर्षीच्या कार्यकारिणीने एक प्रस्ताव सभासदांपुढे ठेवला आहे. मंडळातल्याच काही जणांना हेल्थ कोच म्हणून तयार करायचे आणि त्यांनी आपल्या माणसांना व्हिडिओ कॉलवरून वर्षभर सोबत करायची: खाण्यात, चालण्यात, झोपेत, औषधे वेळेवर घेण्यात. प्रस्तावाची कुणकुण लागताच दोन तऱ्हेचे आक्षेप आले. आपल्यातले डॉक्टर म्हणाले, अर्धवट शिकलेल्या माणसांच्या हाती हे काम देऊ नका. बाकीचे म्हणाले, फुकट सल्ला देणारे आपल्याकडे कमी आहेत का? पहिल्या आक्षेपाला उत्तर आहे. दुसरा मला जास्त गंभीर वाटतो.

आधी पहिला. डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ३,२३४ जण त्यात होते. काहींना मेटफॉर्मिनची गोळी दिली. काहींना उद्दिष्ट दिले, की वजन ७ टक्के उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे अंगमेहनत करायची. ते गाठेपर्यंत विचारपूस करणारा एक माणूसही त्यांच्या पाठीशी दिला. सरासरी तीनेक वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण गोळीने ३१ टक्क्यांनी घटले आणि माणूस पाठीशी असलेल्या गटात ५८ टक्क्यांनी. साठी ओलांडलेल्यांत ही घट ७१ टक्के होती.

अडचण खर्चाची होती. प्रत्येकामागे शिकलेला आहारतज्ज्ञ कुठून आणणार? मग इंडियानात काही संशोधकांनी हाच अभ्यासक्रम वायएमसीएच्या व्यायाम-शिक्षकांना शिकवून पाहिला, आणि गटातल्या लोकांचे वजन तिथेही उतरले. २०१० मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, याचा राष्ट्रीय कार्यक्रम करायला मंजुरी दिली. सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या देखरेखीखाली तो आजही चालतो: एक वर्षाचा, पहिल्या सहा महिन्यांत किमान १६ बैठका, पुढच्या सहा महिन्यांत किमान ६. कोच होण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही, प्रशिक्षण लागते. बैठका व्हिडिओवर घेतलेल्याही चालतात. तेव्हा डॉक्टर मंडळींना विनंती, की तुम्ही विरोधात उभे राहण्यापेक्षा या कोचांच्या मागे उभे राहा. त्यांना अडेल तिथे विचारायला कोणीतरी लागणारच आहे.

हे आपल्यालाच का हवे, असे एका सभासदाने विचारले. ‘मी तर बारीक आहे.’ पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, असा आपल्या लोकांचा बांधा असतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवले. म्हणूनच अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच करायला सांगितले. राष्ट्रीय कार्यक्रमात प्रवेशासाठीही आपल्याला हीच २३ ची अट आहे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी, ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या दरम्यान आली, की ‘बॉर्डरलाइन आहे, फार काही नाही’ असे म्हणून कागद फाइलला लावायची आपली रीत आहे. खरे तर याच टप्प्यावर हातात सर्वांत जास्त काही असते.

आता दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे संपादकीय जाहिरात होईल. केरळात गावकऱ्यांमधूनच निवडलेल्या गटप्रमुखांना शिकवून असाच एक प्रयोग झाला. हजाराहून अधिक लोक त्यात होते. मधुमेह होण्याचे प्रमाण थोडे कमी दिसले, पण तो फरक योगायोगाचा नाही असे म्हणण्याइतका ठाम नव्हता. शिकागो परिसरात खास दक्षिण आशियाई लोकांसाठी ‘सहेली’ नावाचा अभ्यास झाला, भाषा आपली, पदार्थही आपले. छापील माहिती मिळालेल्या गटाच्या तुलनेत वजन किंवा रक्तदाब यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे अभ्यासक्रमात ब्रेडच्या जागी पोळी आणि पास्त्याच्या जागी वरणभात घातला की काम झाले, असा आपला समज असेल तर तो सोडावा.

उलट चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने नोकरदार पुरुषांना दोन वर्षे मोबाइलवर छोटे छोटे संदेश पाठवले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मधुमेह होण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. संदेश साधेच होते, पण येत राहिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आकडेवारीतही हेच दिसते: जो जितक्या जास्त बैठकांना टिकला, त्याचे वजन तितके जास्त उतरले. आणि अडचणही तिथेच आहे, कारण मध्येच सोडून जाणारे खूप. तेव्हा आपल्या कोचाचे पहिले काम आहारशास्त्र शिकवणे हे नव्हेच. माणूस तिसऱ्या महिन्यात गळू नये, हे त्याने पाहायचे.

आता दुसरा आक्षेप, फुकट सल्ल्यांचा. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहा आणि हळूच म्हणा, ‘शुगर जरा वाढली आहे.’ ताट भरायच्या आत मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड आणि ‘दीक्षित की दिवेकर’ हा आहारपद्धतींचा वाद, सगळे कानावर येते. यातले कोणीच विचारत नाही, की तुमचा दिवस कसा जातो? किती वाजता जेवता? रात्रीचा कॉन्फरन्स कॉल संपवून अकरा वाजता फ्रीज उघडणाऱ्या माणसाला कारल्याचा रस काय कामाचा?

कोचिंगचा गाभा याच्या उलटा आहे. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही पद्धत विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर वाढवली. दारूच्या व्यसनावरील उपचारांत ती घडली. कोचाने सांगायचे कमी आणि विचारायचे जास्त. माणूस स्वतः बोलता बोलता बदलाची कारणे शोधतो, तेव्हा तो बदलतो. समजा एक काकू म्हणाल्या, ‘मला चालायला जमत नाही बाई.’ आपण लगेच म्हणू, ‘अहो, सकाळी लवकर उठायचं!’ शिकलेला कोच विचारेल, ‘काकू, कधी जमलं होतं का?’ काकूंना आठवेल, की मुलीकडे गेले होते तेव्हा नातवाला शाळेत सोडायला रोज चालत जायचे. मग पुढचे त्याच बोलतील. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात, चार वाक्ये ऐकून घेऊन पाचवे वाक्य उपदेशाचे न बोलणे हे आपल्यासारख्यांना महिनोन्‌महिने सराव केल्याशिवाय साधणार नाही.

त्याहून अवघड गोष्ट गुप्ततेची. आपले मंडळ लहान आहे. ज्या वहिनींना तुमची एचबीएवनसी माहीत आहे, त्याच दिवाळीच्या फराळाला तुमच्या ताटातल्या चिरोट्यांकडे पाहणार. मुलामुलींची लग्ने जमतात तीही याच वर्तुळात. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा इथला हिपा कायदा दवाखाने, विमा कंपन्या आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना बांधतो. आपल्यासारखी स्वयंसेवी मंडळे बहुधा त्याच्या कक्षेत येतच नाहीत. कायद्याचा धाक नाही म्हणजे नियम आपले आपण आणखी कडक करायला हवेत.

व्हिडिओ कॉलचा खरा उपयोग इथे आहे, असे माझे मत आहे. सगळे ‘सोय’ म्हणून त्याचे कौतुक करतात: गाडी काढायला नको, बर्फात जायला नको. मला त्यातले अंतर महत्त्वाचे वाटते. आपल्या कोचांनी आपल्याच गावातल्या माणसांना सोबत करूच नये. ह्यूस्टनच्या कोचाने सिॲटलच्या माणसाशी बोलावे, सिॲटलच्या कोचाने आपल्याकडच्या. भाषा तीच, जेवण तेच, सण तेच, पण गणपतीच्या आरतीला दोघे समोरासमोर येणार नाहीत. १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र बांधत आले आहे. अशी अदलाबदल त्याच धाग्यावर सहज उभी राहू शकते. आम्ही शेजारच्या राज्यांतल्या दोन मंडळांशी या विषयावर बोलणे सुरू केले आहे.

कॅमेऱ्याचा आणखी एक लहानसा फायदा. ‘भात किती खाता?’ या प्रश्नाला मराठी घरात एकच उत्तर मिळते, ‘एक वाटी.’ ती वाटी तुपाची की आमटीची, हे फोनवर कळत नाही. कॅमेऱ्यापुढे धरली की कळते.

या कामात काय करायचे नाही, हेही ठरवले आहे. कोच औषधाची मात्रा सांगणार नाही आणि कुठलीही गोळी बंद करा किंवा सुरू करा म्हणणार नाही. इन्शुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्याने चतुर्थीचा कडक उपास धरायचा म्हटला, तर कोच त्याला आधी डॉक्टरांना फोन करायला सांगेल. बोलता बोलता छातीत दुखते असे कोणी म्हणाले, तर गप्पा थांबवून ९११. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांनाही या सोबतीचा लाभ घेता येईल, पण डॉक्टरकडे जाणे टाळण्याचा तो मार्ग नव्हे. त्यांचा प्रवासी विमा आधीपासूनच्या आजारांना किती पुरतो, हे मुलांनी ते विमानात बसण्याआधी वाचावे. आणि कोचाने काहीही विकायचे नाही. प्रोटीन पावडर नाही, विमा नाही, ‘एक बिझनेस ऑपॉर्च्युनिटी आहे’ तर मुळीच नाही. असे कोणी करताना आढळले तर त्याच दिवशी नाव कमी होईल.

अल्पशिक्षित माणसांनी आरोग्याचे काम करणे आपल्याला नवे नाही, हे मात्र आपण इकडे आल्यावर विसरलो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले. गावोगावच्या बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर, काही गावकुसाबाहेरच्या, यांना त्यांनी ग्राम आरोग्य सेविका केले. बाळंतपण, जुलाब, मुलांचे वजन, कुष्ठरोगाची पहिली खूण हे सारे त्या बघू लागल्या. या कामासाठी आरोळे दाम्पत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या गोष्टीतला जो भाग आपण उचलायला हवा तो असा: त्या बायकांचे शिक्षण एका शिबिरात संपले नाही. आठवड्याला त्या जामखेडला येत, गावात काय घडले ते एकमेकींना सांगत, चुकले ते तिथेच सुधारत आणि परत जात. आपल्या योजनेत दोन दिवसांचे प्रारंभिक प्रशिक्षण आहे, ते पुरेसे आहे असे कार्यकारिणीतही काहींना वाटते. मला वाटत नाही. दर पंधरा दिवसांनी कोचांनी आपापसात, नावे न घेता, एखाद्या डॉक्टर सभासदाच्या उपस्थितीत बसले पाहिजे. तशी दुरुस्ती मी वार्षिक सभेत सुचवणार आहे.

पहिल्या तुकडीसाठी आठ ते दहा जण हवेत. वैद्यकीय पार्श्वभूमी असलीच पाहिजे असे नाही. मधुमेह किंवा रक्तदाब स्वतः सांभाळत आलेल्यांना प्राधान्य आहे, आणि पुरुषांना आग्रहाचे निमंत्रण आहे. आतापर्यंत आलेली सगळी नावे बायकांची आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या जणींनी अर्जात ‘माझ्या नवऱ्यासाठी कोणी मिळेल का’ असेही विचारले आहे. अर्ज मंडळाच्या कार्यालयात आहे. त्यात पदवीचा रकाना नाही. एक रकाना मात्र सर्वांनी भरायचा आहे: वर्षभर, दर आठवड्याला, कोणता वार आणि कोणती वेळ तुम्ही नक्की देऊ शकाल. ‘जमेल तसे’ असे लिहिलेले अर्ज यंदा बाजूला ठेवले जातील.