विश्लेषण : ‘बीटा’तील तक्रारी मोजल्या जातात, पण ऐकल्या जातात का?

‘हे सॉफ्टवेअर अपूर्ण आहे, चुका असू शकतात’ असे आधीच सांगून कंपन्या नवी आवृत्ती हौशी वापरकर्त्यांच्या हाती देतात. चुका त्यांनी शोधून कळवायच्या आणि दुरुस्ती कंपनीने करायची, असा हा अलिखित करार असतो. त्यातली पहिली बाजू वापरकर्ते फुकटात पाळतात. दुसरी बाजू पाळली गेली नाही तर काय होते, हे २०१८ मध्ये विंडोज १०च्या एका अपडेटने दाखवून दिले.

बीटा म्हणजे नेमके काय?

सॉफ्टवेअर तयार होताना कंपनीच्या आत जी चाचणी होते तिला साधारणपणे ‘अल्फा’ म्हणतात. त्यानंतर बाहेरच्या वापरकर्त्यांना दिल्या जाणाऱ्या आवृत्तीला ‘बीटा’ म्हणतात. कार्यालयातल्या वीस-पंचवीस संगणकांवर जे दिसत नाही, ते हजारो वेगवेगळ्या यंत्रांवर दिसते. कोणाचा प्रिंटर जुना असतो, कोणाचे इंटरनेट रडतखडत चालते, कोणी फोल्डर भलत्याच ठिकाणी ठेवलेले असतात. हे वैविध्य प्रयोगशाळेत उभे करता येत नाही, म्हणून बीटा आवश्यक ठरतो.

मात्र ‘बीटा’ ही पाटी ढालीसारखीही वापरता येते. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले आणि जुलै २००९ पर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, त्याच्या नावाखाली ‘बीटा’ लिहिलेले होते. तोवर कोट्यवधी लोकांचा रोजचा पत्रव्यवहार त्यावर चालू होता. पाटी चाचणीची असली तरी वापर खराच होता.

ऑक्टोबर २०१८ मध्ये काय घडले?

मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये ‘विंडोज इनसायडर’ उपक्रम सुरू केला. त्यात नाव नोंदवणाऱ्यांना नव्या आवृत्त्या आधी मिळतात आणि ‘फीडबॅक हब’ या ॲपमधून तक्रारी कळवता येतात. विंडोज १०चे ‘१८०९’ हे अपडेट याच वाटेने आले आणि २ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वांसाठी खुले झाले. सर्वसाधारण वितरणाआधीचा ‘रिलीज प्रिव्ह्यू’ हा शेवटचा चाचणी टप्पा या वेळी वगळण्यात आला होता.

अपडेट घेतलेल्या काहींच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमधील फायली गायब झाल्या. त्या ‘रिसायकल बिन’मध्येही नव्हत्या. कोणाची वर्षानुवर्षांची छायाचित्रे गेली, तर कोणाची कामाची कागदपत्रे. चार दिवसांत, ६ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने वितरण थांबवले. दुरुस्त आवृत्ती यायला १३ नोव्हेंबर उजाडला.

फायली पुसल्या का गेल्या?

विंडोजमध्ये डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर मूळ जागेवरून दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतात. सी ड्राइव्ह भरत आला की अनेक जण ते डी ड्राइव्हवर नेतात. आधीच्या अपडेटनंतर अशा काही वापरकर्त्यांना जुन्या जागी त्याच नावाचे रिकामे फोल्डर दिसू लागले. ‘हे नको असलेले फोल्डर कशाला?’ असा अभिप्राय त्यांनी कळवला. कंपनीने तो ऐकला आणि ते काढून टाकणारा कोड १८०९ मध्ये घातला.

पण प्रत्येकाचा जुना फोल्डर रिकामा नव्हता. अनेकांनी फोल्डरची जागा बदलली होती. जुन्या फायली मात्र तिथेच राहिल्या होत्या. नव्या कोडने फोल्डर काढले, ते आतल्या फायलींसकट. एका अभिप्रायाला उत्तर म्हणून केलेली दुरुस्तीच दुसऱ्यांच्या मुळावर आली. म्हणून ‘ग्राहकाने सांगितले, आम्ही केले’ एवढ्याने अभिप्रायाचे काम पूर्ण होत नाही. केलेला बदल पुन्हा त्याच लोकांपुढे ठेवून ‘आता काय होते?’ हे विचारावे लागते.

सूचना आली होती, मग ती हरवली कशी?

या प्रकरणातला सर्वांत बोचरा भाग हाच आहे. फायली नाहीशा होत असल्याच्या काही तक्रारी बीटा वापरणाऱ्यांनी काही महिने आधीच फीडबॅक हबवर नोंदवल्या होत्या. तिथे एखादी तक्रार पटली तर इतरांना तिला मत देता येते. जास्त मतांची तक्रार वर चढते, कमी मतांची तळाशी जाते. फोल्डर हलवून जुन्या फायली तिथेच ठेवणारे लोक मुळातच थोडे. त्यामुळे या तक्रारींना मोजकीच मते मिळाली आणि त्या तळाशी राहिल्या.

हजारो लोकांना बटणाचा रंग आवडत नाही आणि दोघांच्या फायली नष्ट होतात. मतांच्या हिशेबात रंग जिंकतो. मत हे ‘किती जणांना’ याचे उत्तर देते; ‘किती गंभीर’ याचे नाही. तक्रारी मोजणे आणि तक्रारी वाचणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले यंत्र करू शकते, दुसऱ्यासाठी माणूस बसवावा लागतो आणि त्याला पगार द्यावा लागतो.

कंपनीने काय उत्तर दिले?

प्रत्यक्ष नुकसान झाल्याच्या तक्रारी एकूण इन्स्टॉलच्या ०.०१ टक्के, म्हणजे दहा हजारांत एक, असल्याचे मायक्रोसॉफ्टने तेव्हा सांगितले. हा आकडा लहान वाटतो. पण विंडोज १० त्या काळी सुमारे ७० कोटी उपकरणांवर होते. वितरण थांबले नसते आणि हेच प्रमाण टिकले असते, तर ७० हजार संगणकांवरील फायली गेल्या असत्या. शिवाय ज्याची फाइल गेली त्याच्यासाठी प्रमाण शंभर टक्के असते.

कंपनीच्या बाजूने हेही सांगायला हवे की तिने कारणे उघडपणे मांडली, फायली परत मिळवण्यासाठी मदत देऊ केली आणि फीडबॅक हबमध्ये तक्रारीचे गांभीर्य नोंदवण्याची सोय केली. सुधारणा योग्यच होती, पण ती घडायला फायली जाव्या लागल्या.

डेव्हलपरांची बाजू काय?

ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. येणाऱ्या तक्रारींत ‘चालत नाही’, ‘बकवास ॲप’ अशा एका ओळीच्या नोंदींचा भरणा असतो. त्यावरून चूक शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. एकच गोष्ट शेकडो जण वेगवेगळ्या शब्दांत लिहितात. काही चुका डेव्हलपरच्या संगणकावर घडतच नाहीत. लहान ॲप बनवणाऱ्या एकट्या-दुकट्या डेव्हलपरला प्रत्येकाला उत्तर देणे शक्यही नसते.

गुगलने यावर नियमाचा मार्ग काढला. नोव्हेंबर २०२३ नंतर प्ले स्टोअरवर वैयक्तिक खाते उघडणाऱ्या डेव्हलपरला ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान २० जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घेणे बंधनकारक झाले. पुढे ही संख्या १२ वर आली. हेतू चांगला आहे. पण बारा ओळखीचे लोक गोळा करून संख्या भरता येते. त्यांनी ॲप मनापासून वापरले का, हे संख्येतून कळत नाही. शिवाय प्ले स्टोअरवर बीटा वापरणाऱ्याला सार्वजनिक परीक्षण लिहिता येत नाही, त्याचा अभिप्राय थेट डेव्हलपरकडे जातो. अपूर्ण ॲपची बदनामी होऊ नये म्हणून हे रास्त आहे. मात्र डेव्हलपर गप्प राहिला तर ते गप्प राहणेही कोणाला दिसत नाही.

मराठी वापरकर्त्यांचा संबंध कुठे येतो?

मतांवर चालणाऱ्या व्यवस्थेत भाषांचे प्रश्न हमखास मागे पडतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतील एका जोडाक्षराने आयफोनवरील ॲप बंद पडत होती. ॲपलला त्यासाठी आयओएस ११.२.६ हे खास अपडेट काढावे लागले. तेलुगू न लिहिणाऱ्या परीक्षकाच्या हातून ते अक्षर उमटण्याची शक्यताच कमी.

मराठीचेही असेच आहे. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना. एखाद्या कीबोर्डने किंवा फाँटने या दोन्हींतला फरक पुसला, तर मराठी न जाणणाऱ्याला त्यात चूक दिसणारच नाही. हे कळवणारे थोडे, मत देणारे त्याहून थोडे. पण ‘मते कमी’ याचा अर्थ ‘त्रास कमी’ असा लावला, तर चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

वापरकर्त्यांनी काय करावे?

बीटा आवृत्ती रोजच्या वापराच्या एकमेव फोनवर किंवा संगणकावर टाकू नये आणि टाकण्याआधी फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. तक्रार करताना ॲपची आवृत्ती, फोनचे मॉडेल, कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे लिहावे. स्क्रीनशॉट जोडताना खाते क्रमांक झाकावा. माहिती नष्ट झाली असेल किंवा पैसे अडकले असतील तर ते पहिल्याच ओळीत स्पष्ट सांगावे.

आणि कंपन्यांनी?

फायली जाणे, पैसे कापले जाणे, खासगी माहिती उघडी पडणे, या तीन प्रकारच्या तक्रारी मते न पाहता माणसाने वाचायला हव्यात. प्रत्येक तक्रारीला लांबलचक उत्तर नको. ‘पाहिले’, ‘अधिक माहिती हवी’, ‘दुरुस्त केले’, ‘करणार नाही, कारण अमुक’ एवढे पुरे. ‘करणार नाही’ हे उत्तरही चालते, कारण पुढच्या वेळी तो माणूस पुन्हा लिहितो. काहीच उत्तर न मिळालेला माणूस लिहिणे थांबवतो.

बीटा वापरणारा वेळ देतो, वीज-डेटा खर्च करतो, कधी स्वतःच्या फायली पणाला लावतो. त्या बदल्यात पगार मिळत नाही आणि तो कोणी मागतही नाही. आपली तक्रार कोणीतरी वाचली, एवढे कळावे ही अपेक्षा असते. ती पूर्ण करण्याची तयारी नसलेल्या कंपनीने ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ हे वाक्य ॲपमधून आधी काढावे.