महान खेळाडूंची यादी कोठे थांबते?

क्रिकेटच्या चाहत्याची मते ही चळवळीतील कार्यकर्त्याला बहुधा वेळ दवडण्याची बाब वाटते. मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी कचेरीत फलक रंगवता रंगवता दोन तरुण गावसकर थोर की तेंडुलकर थोर यावरून हमरीतुमरीवर आले, की ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतात. देशापुढे एवढे प्रश्न असताना हा काय पोरखेळ, असे त्यांना वाटते. ही नाराजी समजण्याजोगी आहे. परंतु ती न्याय्य नाही. हे दोन तरुण वादात काय करीत असतात, ते एकदा नीट ऐकावे. ते आकडे मांडतात, प्रतिस्पर्धी कोण होता ते सांगतात, खेळपट्टी कशी होती याचा हिशेब देतात आणि एकमेकांचे दाखले खोडून काढतात. ज्या समाजात माणसाची थोरवी जन्मावरून, पैशावरून किंवा पदावरून ठरण्याची शतकानुशतकांची रीत आहे, तेथे थोरवीसाठी पुरावा मागण्याची ही सवय मोलाचीच म्हटली पाहिजे. चाहत्याचा दोष एवढाच, की आपलाच युक्तिवाद तो शेवटापर्यंत नेत नाही.

मुंबईच्या जुन्या चाहत्याचे उदाहरण घ्यावे. भारतातील सर्वश्रेष्ठ संघ कोणता, असे विचारताच तो १९५८-५९ ते १९७२-७३ या काळातील मुंबईचे नाव घेतो. या संघाने सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला. पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी, रमाकांत देसाई, अजित वाडेकर, मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई आणि शेवटच्या वर्षांत सुनील गावसकर अशी नावे तो एका दमात मोजतो. मग त्याचा स्वर किंचित बदलतो आणि तो पद्माकर शिवलकरांकडे वळतो. पंधराव्या विजेतेपदाचा तो सामना चेपॉकवर, तामिळनाडूविरुद्ध झाला. मुंबईचे दोन डाव १५१ आणि ११३ धावांत आटोपले, तरीही मुंबई १२३ धावांनी जिंकली; कारण शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने प्रथम श्रेणीच्या सामन्यांत एकूण ५८९ बळी घेतले. कसोटी सामना मात्र त्यांच्या वाट्याला एकही आला नाही. त्याच काळात, त्याच शैलीचा बिशनसिंग बेदी भारतीय संघात होता आणि बेदीने कसोटीत २६६ बळी घेतले. दोघांना एकत्र खेळवण्याचे धाडस निवड समितीने केले नाही.

कसोटीच्या नोंदवहीत शिवलकरांच्या नावे एकही बळी नाही, तरीही मुंबईचा चाहता त्यांना महान गोलंदाजांच्या पंक्तीत बसवतो. असे करताना त्याने एक महत्त्वाचे तत्त्व मान्य केलेले असते: संधी मिळालेल्यांच्या कामगिरीवरून संधी न मिळालेल्यांची योग्यता ठरत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व परिचित आहे. दोन शेतकऱ्यांच्या उत्पन्नाची तुलना करताना एकाला पाटाचे पाणी होते आणि दुसऱ्याला नव्हते हे सांगितले नाही, तर आकडा खरा असूनही निष्कर्ष खोटा ठरतो. शिवलकरांच्या बाबतीत हे चाहत्याला बरोबर उमगते. तेच तत्त्व आणखी मागे नेले, की गाठ पडते ती दुसऱ्या एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाशी.

पाळवणकर बाळू हे चर्मकार कुटुंबातले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे हे त्यांचे काम होते. याच कामातून त्यांचा हात तयार झाला. पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांवर मात करायची होती; तेव्हा त्याला बाळूंची गोलंदाजी हवीशी झाली. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू हाताळीत, त्यांच्या बळींचा आनंद करीत. पण चहाच्या वेळी त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात येई. श्रम हवेत, श्रमिक पंक्तीला नको, हा आपल्या समाजव्यवस्थेचा जुना व्यवहार क्रिकेटच्या हिरवळीवरही तसाच चालू राहिला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढी कामगिरी करूनही चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यासाठी १९२३ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही तो मान बाळूंना न मिळता त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला.

येथे चाहता हमखास एक आक्षेप घेतो. खेळात जात आणि राजकारण कशाला आणता, असे तो विचारतो. आक्षेप मनापासून घेतलेला असतो, म्हणून त्याला उत्तरही तसेच दिले पाहिजे. खेळाचे सौंदर्य जातीने वाढत नाही आणि घटतही नाही, हे निर्विवाद आहे. १९४३ साली ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी हिंदू संघाकडून नाबाद २५० धावा केल्या, आणि सांगलीत जन्मलेल्या ख्रिस्ती विजय हजारे यांनी ‘इतरां’च्या संघाकडून ३८७ पैकी एकट्याने ३०९ केल्या. त्या दोन्ही खेळींचा आनंद घेण्यासाठी कोणाचाही धर्म विचारावा लागत नाही. परंतु संघांची नावेच मुळी हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ अशी होती. राजकारण तेथे आधीपासूनच हजर होते; नंतर आलेल्याने ते फक्त दाखवून दिले.

तिसरे नाव डायना एडुलजी यांचे. त्याही मुंबईच्या आणि त्याही डावखुऱ्या फिरकी गोलंदाज. भारतीय महिलांचा पहिला कसोटी सामना १९७६ साली झाला, त्याच वर्षी त्यांनी पदार्पण केले आणि पुढे कसोटीत ६३ बळी घेतले. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या क्लबाने स्त्रियांना सदस्यत्व देण्याचे ठरवले ते १९९८ साली. पुण्यातील पॅव्हेलियनच्या बाहेर चहा घेणारे बाळू आणि लंडनमधील पॅव्हेलियनच्या दाराशी अडवलेल्या एडुलजी यांच्यात पाऊणशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. दार मात्र एकाच प्रकारचे आहे. आपल्याकडे क्रिकेट नियामक मंडळाने महिला क्रिकेट आपल्या छत्राखाली घेतले ते २००६ साली. त्यानंतर १९ वर्षांनी, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, हरमनप्रीत कौर यांच्या संघाने नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा गर्दीतील अनेक पुरुष चाहत्यांनी आपल्या याद्या प्रथमच नव्याने लिहायला घेतल्या असतील.

आता पुन्हा त्या पंधरा वर्षांच्या मुंबई संघाकडे यावे. तो महान होता, यात शंका नाही. पण तो आकाशातून पडला नव्हता. शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदान अशी मोकळी मैदाने, शाळांच्या हॅरिस आणि गाइल्स ढालींच्या स्पर्धा, भर पावसात ओल्या खेळपट्टीवर खेळली जाणारी कांगा लीग, आणि खेळाडूला नोकरी देणाऱ्या बँका व कंपन्या यांनी तो घडवला. वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉनमध्ये. महिनाअखेरीस पगार हाती येण्याची शाश्वती होती, म्हणून मध्यमवर्गीय घरातील मुलाला वडिलांचा रोष न पत्करता खेळता आले. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर याच व्यवस्थेतून वर आला आणि २७ कसोटींत त्याने ५३ झेल घेतले. गुणवत्ता व्यक्तीची असते. तिला फळ धरण्यासाठी लागणारी जमीन मात्र सार्वजनिक असावी लागते.

१९७३-७४ च्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईची ही मालिका खंडित केली. मुंबईच्या चाहत्याला ती सल अजून आहे. मुंबईने २०२३-२४ मध्ये बेचाळिसाव्यांदा करंडक जिंकला, तरी पूर्वीसारखी सत्ता राहिली नाही, अशी त्याची खंत असते. पण २०१७-१८ पासून विदर्भाने तीनदा, सौराष्ट्राने दोनदा आणि मध्य प्रदेशाने एकदा हा करंडक नेला, ही घटना अवनतीची म्हणायची काय? एका शहरात साठलेली साधने हळूहळू पसरू लागली, असाच तिचा अर्थ आहे. ज्याला खेळ प्रिय आहे, त्याला याचा आनंद व्हावा.

खंत करायचीच, तर ती दुसऱ्या गोष्टीची करावी. २००८ पासून खेळाडूंचे लिलाव होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऋषभ पंत यांच्यावर २७ कोटी रुपयांची बोली लागली. लहान गावांतील काही मुलांच्या घरी या व्यवहारातून पैसा गेला, हे मान्य केले पाहिजे. परंतु चाहत्याच्या वादात आता आकड्यांच्या जोडीला किंमतही येऊन बसली आहे. लिलावाची किंमत मालकाची त्या मोसमातील गरज सांगते. थोरवी सांगत नाही. तसे असते तर शिवलकरांची थोरवी शून्य ठरली असती, आणि हे मुंबईचा एकही जाणता चाहता मान्य करणार नाही.

म्हणून कार्यकर्त्याने त्या दोन तरुणांच्या वादावर डाफरू नये, त्यात बसावे. गावसकर की तेंडुलकर, याचा निकाल लागणार नाही आणि लागण्याची गरजही नाही. पण शिवलकरांना कसोटी का मिळाली नाही, हा प्रश्न ज्याला अस्वस्थ करतो, त्याला पुढचा प्रश्न विचारता येतो: आपल्या प्रभागात मैदानासाठी राखून ठेवलेला भूखंड आज कोणाच्या ताब्यात आहे? महापालिकेच्या शाळेतील मुलांना खेळायला आठवड्यातून किती तास मिळतात? संध्याकाळी सरावाच्या जाळीत मुलींची पाळी कधी येते? ही चौकशी करायला फलक रंगवून झाल्यावर त्याच दोघांना पाठवावे. आकडे गोळा करण्याची आणि पुराव्यानिशी भांडण्याची सवय त्यांना आधीच आहे.