टाके पडले, पण उपचार संपत नाहीत

दुभंगलेला ओठ बाळपणीच शिवला की पुढे मुलीने फक्त आत्मविश्वास बाळगावा, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच पटले नाही. ओठ पहिल्या काही महिन्यांत शिवतात, टाळू साधारण दीड वर्षाच्या आत. हिरडीत हाड भरणे, दातांच्या तारा, वाचा-उपचार मात्र वर्षानुवर्षे चालतात. जबड्याची शस्त्रक्रिया लागलीच, तर ती चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावर. म्हणजे ऐन दहावी-बारावीच्या आसपास! त्याच वयात वर्गातली टोपणनावे आणि ‘हिचं लग्न कसं जमणार?’ हे नातेवाइकांचे प्रश्न अंगावर येतात. आईने ग्रहणात विळी धरली म्हणून असे झाले, हेही मुलीदेखत बोलले जाते. ते निखालस खोटे आहे.

2013 मध्ये पालघरमधून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि दुभंगलेला ओठ-टाळू त्यात येतो. शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाला किशोरींच्या पुढच्या उपचारांविषयी पालकांनी जरूर विचारावे. आणि स्नेहसंमेलनात अशा मुलीला परस्पर पडद्यामागचे काम देणाऱ्या शिक्षकांनी, तिला स्वतःला काय करायचे आहे, हे आधी तिलाच विचारावे.

– एक शिक्षिका, सातारा