सोनखताला कसोटी हवी

मंडळी, आपल्या भाषेत गाळ हा काही वाईट शब्द नाही. गाळाची जमीन म्हणजे कसदार जमीन. आणि मैल्याच्या खताला तर आपल्या लोकांनी चक्क 'सोनखत' म्हटले! घाणीतले सोने ओळखणारी ही नजर मला फार आवडते. म्हणूनच आज त्या सोन्याच्या कसोटीविषयी लिहितो आहे.

पूर्वी मैल्यात खाल्लेल्या अन्नाचाच काय तो अंश असे. आता शहराच्या गटारात साबण, औषधे, रंग आणि कुठे कुठे कारखान्यांचे पाणीसुद्धा येते. प्रक्रिया केंद्रात पाणी स्वच्छ होते, पण घाण सगळी नाहीशी होत नाही. बरीचशी खाली बसते. तोच मैलागाळ. त्यातली काही रसायने वर्षानुवर्षे कुजत नाहीत. त्यांना 'चिवट सेंद्रिय प्रदूषके' म्हणतात. (हे 'सेंद्रिय' म्हणजे कार्बनयुक्त, सेंद्रिय भाजीतले नव्हे!) डायॉक्सिन, पीसीबी, पीफॉस ही त्यांतली काही नावे. गाळाचे कंपोस्ट करताना तो तापतो तेव्हा जंतू मरतात, पण ही रसायने तशीच राहतात.

अमेरिकेतल्या मेन राज्यात काय झाले बघा. अरुंडेल गावच्या एका गोपालकाने सरकारमान्य गाळ वर्षानुवर्षे आपल्या शेतात घातला होता. २०१६ साली तपासणी झाली, तेव्हा पीफॉस त्याच्या विहिरीत आणि गाईंच्या दुधात सापडले. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बुडाला. त्याने नियम पाळले होते, पण नियमात हे रसायनच नव्हते! २०२२ साली त्या राज्याने शेतात गाळ टाकण्यावरच बंदी घातली.

मिशिगन राज्याने दुसरी वाट धरली. २०२१ पासून तिथे शेतात टाकण्याआधी गाळ तपासतात. पीफॉस फार निघाले तर तो गाळ शेतात जात नाही आणि माग काढत मूळ शोधले जाते. पुष्कळदा ते क्रोमचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात सापडले. तिथेच पाणी गाळून घ्यायला लावले आणि गाळातले प्रमाण उतरले. म्हणजे तपासणीने खत वाया गेले नाही, उलट वाचले.

आपल्याकडे काय? चिवट प्रदूषकांविषयीचा स्टॉकहोम करार भारताने २००६ साली स्वीकारला. डायॉक्सिन आणि पीसीबी त्या करारात पहिल्यापासून आहेत. पण आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला मर्यादा आहेत त्या शिसे, पारा, कॅडमियम अशा जड धातूंच्या. जर्मनीने मात्र शेतात जाणाऱ्या गाळातल्या डायॉक्सिन आणि पीसीबीला १९९२ सालीच मर्यादा घातली होती.

कोणी म्हणेल, ही तपासणी महाग आहे. आहेच. किलोभर गाळात ग्रॅमचा अब्जावा भाग मोजायचा म्हणजे भारी यंत्रे आणि शिकलेली माणसे लागतात. पण प्रत्येक पोते कुठे तपासायचे आहे? मोठ्या केंद्रांतून, आणि त्यातही जिथे कारखान्यांचे पाणी येते तिथून, वर्षातून दोनदा नमुने घेतले तरी सुरुवात होईल. खर्च शहराने करावा, कारण गाळ शहराचा आहे.

दुसरा आक्षेप असा की आकडे जाहीर केले तर शेतकरी घाबरतील आणि खत कोणी घेणार नाही. सारा जन्म शाळेत गेल्यामुळे मला हे ओळखीचे वाटते. बाबा रागावतील म्हणून प्रगतिपुस्तक लपवणारी मुले खूप पाहिली. लपवल्याने मार्क वाढत नाहीत हो! शिवाय इथे नापास झाल्याची शिक्षा तिसऱ्यालाच, ज्याच्या जमिनीत ते जाऊन बसते त्याला. एकदा मातीत गेलेले हे रसायन वेचून काढता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. सोनखत जरूर द्यावे, स्वस्तात द्यावे, पण त्यात काय आहे ते पोत्यावर मराठीत छापून द्यावे. सराफाकडून गुंजभर सोने घेतानाही आपण कस विचारतो. शेतकऱ्याने गाडीभर सोनखत घेताना का विचारू नये?